मास्तरांची उमेदवारी

निवडणूक लागली की आमच्याकडे पहिली हाक जाते ती शिक्षकाला. मतदार याद्या घेऊन घरोघर त्याने फिरायचं, प्रशिक्षणाला तालुक्याला त्याने जायचं, आदल्या दिवशी साहित्य मोजून घेऊन एसटीत त्याने चढायचं. कुठल्यातरी अनोळखी गावच्या शाळेत बाक भिंतीला सरकवून सतरंजीवर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून लोकांच्या बोटांना शाई लावायची तीही त्यानेच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, आणि त्याच दमात तीन अपवाद करतं: दर दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी ३४ वर्षं नोकरी केली. त्या काळात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या निवडणुकांचं काम केलं. कागदाच्या मतपत्रिकेची घडी आधी उभी घालायची की आडवी, हे मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना शेकडो वेळा दाखवलं आहे. पुढे यंत्रं आली, तेव्हा पहाटे अभिरूप मतदान घेऊन ती पुसून कोरी केली आहेत.

एवढं सगळं केलेल्या माणसाला टेबलाच्या पलीकडे जाऊन उमेदवार होता येत नाही. पगार बंद होऊन पेन्शन सुरू झाली की मात्र येतं. त्यामुळे आपल्या गावोगावच्या राजकारणात ‘निवृत्त गुरुजी’ नावाचा एक उमेदवार हमखास दिसतो. लोक त्याला थोडं हसतात, थोडं मानतात. पांढरा सदरा, खिशाला पेन, भाषणात शुद्ध मराठी, आणि प्रचाराच्या पत्रकात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. हा उमेदवार कुठून आला आणि शाळेच्या कारभारात शिरायला त्याला निवृत्तीची वाट का पाहावी लागली, याचा इतिहास मी गेली काही वर्षं जमेल तसा वाचते आहे. तो जितका आपला आहे, तितकाच लंडनचाही आहे.

१८७० साली इंग्लंडात फॉर्स्टरचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. तोवर तिथल्या गरिबांच्या शाळा बहुतांशी चर्चच्या संस्था चालवत. जिथे शाळा पुरत नाहीत तिथे लोकांनी निवडून दिलेलं ‘स्कूल बोर्ड’ असावं, त्याने स्थानिक कर बसवून शाळा बांधाव्यात, अशी या कायद्याची योजना होती. लंडनच्या बोर्डाची पहिली निवडणूक त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला झाली. एकूण ४९ जागा होत्या. पार्लमेंटच्या निवडणुकीत गुप्त मतदान यायला अजून दोन वर्षं होती, पण लंडनच्या बहुतेक भागांत बोर्डासाठी ते तेव्हाच वापरलं गेलं. स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं. कर भरणाऱ्या बाईला बोर्डासाठी मात्र मत होतं आणि कुठल्याही बाईला उभं राहता येत होतं.

मतदानाची पद्धतही न्यारी होती. विभागात जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. मेरिलबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट ही डॉक्टर बाई ४७,८५८ मतं घेऊन निवडून आली. त्या निवडणुकीत एवढी मतं दुसऱ्या कुणालाच पडली नाहीत. तिच्या बरेच मागे दुसऱ्या क्रमांकावर होते डार्विनचे खंदे पाठीराखे थॉमस हक्स्ली. एवढी मतं म्हणजे एवढी माणसं नव्हेत, हे उघड आहे. पण ज्या गटाला आपला एकच माणूस आत धाडायचा आहे, तो या पद्धतीत संख्येने लहान असूनही धाडू शकत असे. कॅथलिकांनी आपला धाडला, कामगारांनी बेंजामिन लुक्राफ्ट हा सुतारकाम करणारा माणूस धाडला. पहिल्या बोर्डाचे अध्यक्ष झाले लॉर्ड लॉरेन्स. हे तेच जॉन लॉरेन्स, जे सुमारे दोन वर्षांपूर्वीपर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. ज्यांनी आपल्यावर राज्य करताना कुणाकडे मत मागितलं नव्हतं, त्यांना मायदेशी परतल्यावर निवडून आलेल्या बोर्डाच्या सभा चालवाव्या लागल्या. मला ही गोष्ट वाचताना गंमत वाटली, हे लपवत नाही.

आता शिक्षकांकडे येऊ. याच कायद्यात एक कलम होतं: बोर्डाच्या सभासदाने बोर्डाकडून कुठलंही पगारी पद घेऊ नये, बोर्डाच्या कंत्राटात भागीदार असू नये. कलम सरळ आहे आणि त्यामागचा विचारही बरोबर आहे. स्वतःचा पगार स्वतःच ठरवणारा माणूस कुठल्याही संस्थेला परवडत नाही. पण त्यामुळे असं झालं की वर्ग कसा चालतो हे ज्यांना रोज उठून कळत होतं, त्या बोर्डाच्या शिक्षकांना बोर्डात जागा नव्हती. पाद्री, डॉक्टर, वकील, व्यापारी, निवृत्त व्हाइसरॉय, सगळ्यांना होती.

शिक्षकांनी यातून वाट काढली. १८७० मध्येच त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली होती. तिचा चिटणीस टॉमस हेलर मूळचा शाळामास्तर. तो संघटनेचा माणूस होता, बोर्डाच्या पगारावर नव्हता. १८७३ च्या दुसऱ्या निवडणुकीत तो लॅम्बेथमधून निवडून आला आणि पुढे बरीच वर्षं बोर्डात बसला. सरकारने प्राथमिक शिक्षणाच्या चौकशीसाठी १८८६ साली क्रॉस आयोग नेमला, त्यावरही त्याला घेतलं. त्या काळी शाळेचं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर ठरत असे. तपासनीस यायचा, एकेका मुलाला वाचायला लावायचा, आणि नापास मुलामागे पैसे कापायचा. या पद्धतीचा अर्थ अर्थशास्त्रज्ञाला कागदावर कळतो. मास्तराला तो पोटात कळतो. हेलरसारखी माणसं बोर्डात आणि आयोगात असण्याचा उपयोग इथे होता.

१८८८ च्या निवडणुकीत टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीतून ॲनी बेझंट निवडून आल्या, त्याही पहिल्या क्रमांकाने. हो, त्याच बेझंट, ज्या पुढे १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या, ज्यांनी १८९८ मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढलं आणि ज्या १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. निवडणुकीच्या चार महिने आधी त्यांनी आगपेट्यांच्या कारखान्यातल्या मुलींचा संप गाजवला होता. बोर्डात तीनच वर्षं त्या होत्या, पण तेवढ्यात उपाशी मुलांच्या जेवणाचा प्रश्न त्यांनी लावून धरला, आणि बोर्डाची कामं घेणाऱ्या कंत्राटदारांनी मजुरांना रास्त मजुरी दिलीच पाहिजे ही अट बोर्डाने स्वीकारली. शाळेच्या बोर्डात जेवण आणि मजुरी हे विषय कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. दुपारची खिचडी शिजवायला सुरुवात झाली तेव्हा आमच्याकडेही हा प्रश्न विचारला गेला होता.

ही बोर्डं टिकली नाहीत. १९०२ च्या कायद्याने ती मोडली आणि शाळा काउंटी कौन्सिलांकडे गेल्या, लंडनचं बोर्ड १९०४ साली संपलं. कारणं बरीच होती आणि त्यात चर्चच्या शाळांचा स्वार्थही होता. पण परिणाम दोन झाले. रस्ते, दिवे, गटारं बघणाऱ्या सभेचा शाळा हा एक विषय होऊन बसला. आणि ज्या बायका बोर्डावर निवडून येत होत्या, त्यांना काउंटी कौन्सिलावर उभंच राहता येत नव्हतं. १९०७ साली तो कायदा बदलेपर्यंत शिक्षण समितीवर त्यांना कुणी नेमून घेतलं तरच जागा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण असंच काहीसं पुढे आपल्याकडे घडायचं होतं.

आपल्याकडे शाळेचा पैसा शेतकऱ्याकडून आधी आला आणि त्याचं मत पुष्कळ उशिरा. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला आणि बाकीचा रस्त्यांसारख्या कामांना. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात याच पैशाचा हिशेब मागितला आहे: फंड देतो कुणबी आणि शाळेत त्याचं पोर दिसत नाही. फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते आणि त्याआधी कितीतरी वर्षं स्वतः शाळा काढून चालवलेले शिक्षकही. त्याच वर्षी रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. १८८४ च्या कायद्यांनी इलाख्यातल्या प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे गेल्या. गेल्या म्हणजे काय, तर खर्च बोर्डाने करायचा आणि मास्तर नेमायचा, बदलायचा, तपासायचा शिक्षणखात्याने. घर एकाचं आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था ४० वर्षं चालली.

या ४० वर्षांत शाळेसाठी सभागृहात उभा राहिलेला आपला सर्वांत मोठा ‘निवृत्त शिक्षक’ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांना आपण नेमस्त पुढारी म्हणून ओळखतो, आणि त्यांची जवळजवळ अर्धी कारकीर्द वर्गात गेली हे विसरतो. न्यू इंग्लिश स्कूल, मग फर्ग्युसन कॉलेज. त्यांनी अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिलं आणि ते पुढे कितीतरी वर्षं शाळांतून चाललं. १९०२ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून ते निवृत्त झाले तेव्हा वय होतं ३६. मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते शिकवत असतानाच, १८९९ मध्ये गेले होते. ते शक्य झालं कारण त्यांची संस्था खाजगी होती. सरकारी शाळेतल्या मास्तराने हे स्वप्नातही आणलं नसतं. म्हणजे इथेही रेघ तीच होती. पगार कोण देतो, त्यावर तुम्ही कुठे बसू शकता हे ठरणार.

निवृत्तीनंतर त्यांनी पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं आणि मोठ्या कौन्सिलात अर्थसंकल्पावरची भाषणं गाजवली. पण त्यांच्यातला मास्तर खरा दिसतो तो १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात. ते विधेयक वाचलं तर त्याचा सावधपणा पाहून आज नवल वाटतं. सक्ती देशभर नाही. ज्या स्थानिक संस्थेला वाटेल तिने, तेही सरकारची परवानगी घेऊन, आपल्या हद्दीत ती लागू करायची. तीही ठराविक प्रमाणात मुलं आधीच शाळेत येत असतील तर. मुलगे फक्त सहा ते दहा वर्षांचे. मुलींचा विचार पुढे. ज्या बापाची कमाई महिना १० रुपयांच्या आत, त्याला फी माफ. खर्चाचे दोन वाटे सरकारचे, एक वाटा स्थानिक संस्थेचा.

इतकं मवाळ विधेयकही पडलं. १९ मार्च १९१२ रोजी बाजूने १३ आणि विरोधात ३८. सरकारी सभासद विरोधात होते यात नवल नाही, पण त्यांच्या जोडीला आपलेच जमीनदार आणि सरदार होते. कुळाचं पोर शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार, ही भीती त्यांना होती. यातल्या काहींनी ती आडवळणाने बोलूनही दाखवली. मला या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटते. गोखल्यांनी सक्तीची किल्ली स्थानिक संस्थेच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. दिल्ली किंवा मुंबईने हुकूम काढावा असं त्यांना वाटत नव्हतं. शाळा ही गावाने मागितलेली असावी, असा त्यांचा भाव होता. ते १९१५ मध्ये गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कौन्सिलात नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा मंजूर करून घेतला. त्याआधीच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून राज्यभर आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ पासून सक्ती आणली होती. संस्थानिकांनी केलं ते निवडून आलेल्यांच्या कौन्सिलाला जमायला जास्त वेळ लागला. लोकशाहीवर माझी श्रद्धा असूनही ही नोंद करावी लागते.

मग आला १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. तेव्हा शिक्षणमंत्री होते रँग्लर परांजपे, म्हणजे फर्ग्युसनचे प्राचार्य. एका प्राध्यापकाचं पडलेलं काम त्याच कॉलेजातल्या दुसऱ्याने पुढे नेलं, असं म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षापासून ते खातं ब्राह्मणेतर पक्षाच्या भास्करराव जाधवांकडे गेलं आणि हा कायदा गावात उतरवायचं काम त्यांच्या काळात झालं. या कायद्याने घर आणि किल्ली एकाच्याच हाती दिली. जिल्हा लोकल बोर्ड आणि मोठ्या नगरपालिका यांनी आपलं ‘स्कूल बोर्ड’ निवडायचं आणि शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, शाळा उघडणं, सगळं त्याने पाहायचं. आमच्या सातारा भागात जुनी माणसं अजूनही प्राथमिक शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, ते हेच बोर्ड.

एक फरक मात्र लंडनपेक्षा मोठा होता. तिथे बोर्डाला मतदार थेट मत देत. इथे लोकल बोर्डाचे सभासद स्कूल बोर्ड निवडत. म्हणजे निवृत्त मास्तर उभा राहिलाच तर त्याने पालकांच्या दारात जाऊन उपयोग नाही, बोर्डाच्या सभासदांच्या वाड्यावर जायला हवं. त्यातून हा अधिकार आला तो अशा वेळी, जेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद पेटलेला होता. शाळा पहिल्यांदाच बहुजनांच्या हाती येत होती. कुणब्याचा, मराठ्याचा, माळ्याचा मुलगा मास्तर होऊन वर्गात उभा राहू लागला, ही त्या बोर्डांची मोठी कमाई आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बदली नावाचं हत्यारही त्यांच्या हाती लागलं. निवडणुकीत ज्या मास्तराच्या भावाने विरोधात काम केलं, तो मास्तर पुढच्या जूनमध्ये घाटापलीकडच्या शाळेत. गुरुजी आणि राजकारण यांचं हे नातं त्या काळी जुळलं आणि अजून सुटलेलं नाही. मास्तराला बोर्डात बसता येत नव्हतं, पण बोर्डाच्या निवडणुकीपासून लांब राहणंही त्याला परवडत नव्हतं.

या तक्रारी इतक्या वाढल्या की बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि स्कूल बोर्डाचा प्रशासकीय अधिकारी सरकारी नोकर केला. १९४७ च्या नव्या कायद्याने सरकारची पकड आणखी घट्ट झाली. पुन्हा घर एकाचं, किल्ली दुसऱ्याकडे. पुढे १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्ह्याची स्कूल बोर्डं संपली. शाळा आता परिषदेच्या शिक्षण समितीचा विषय. इंग्लंडात १९०२ साली जे झालं तेच इथे ६० वर्षांनी झालं, आणि त्याचा शिक्षकाच्या उमेदवारीवर काय परिणाम होतो हे मी जवळून पाहिलं.

माझ्याबरोबर नोकरी केलेले एक गुरुजी फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत जिल्हा परिषदेच्या गटातून अपक्ष उभे राहिले. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांचा मुद्दा एकच होता. वाड्यावस्त्यांच्या दोनशिक्षकी शाळांत एकेक जागा रिकामी ठेवायची, मग पट घसरला की शाळाच नको म्हणायचं, हे थांबवायचं आणि त्यासाठी शिक्षण समितीत जायचं. चिन्ह मिळालं कपबशी. मी त्यांच्याबरोबर चार-पाच दिवस फिरले. लोक आदराने बसवायचे, चहा द्यायचे. अर्ध्या घरांत त्यांनी शिकवलेलं कुणी ना कुणी होतं. मग घरातला कर्ता माणूस विचारायचा, “गुरुजी, शाळेचं बराबर हाय तुमचं. पण आमच्या पाणंदीचं काय?” कुणी विचारी, “बोअरवेलचं बगा की जरा.” एका वाडीत एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, तुमी निवडून आला तर भांडायचं कुनासंगं? आमचं बरं चाललंय.” त्या बोलण्यात काय अर्थ होता हे आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ काढत बसलो होतो.

लोकांचं चुकत नव्हतं. त्यांच्या हातात एकच मत आणि त्यातून पाणंद, बोअर, दवाखाना, शाळा, सगळंच मागायचं. शाळेपुरती वेगळी जागा असती, तिच्यासाठी वेगळं मत असतं, तर त्याच माणसांनी ते गुरुजींना दिलं असतं असं मला वाटतं. लंडनच्या सुताराला ते मिळालं होतं. गुरुजी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. अनामत तेवढी वाचली.

वेगळं बोर्ड असलं की सगळं सुरळीत होतं असा माझा भाबडा समज नाही. अमेरिकेत आजही शाळांची निवडून दिलेली वेगळी बोर्डं आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या बोर्डाने २००४ साली ठरवलं की जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीवर शंका घेणारं आणि ‘बुद्धिमान रचने’कडे बोट दाखवणारं एक निवेदन मुलांना वाचून दाखवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, तर अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वाचलं. पालक कोर्टात गेले. फिर्यादींपैकी एक होता ब्रायन रेम, त्याच शाळेत पूर्वी भौतिकशास्त्र शिकवलेला शिक्षक. शाळा सोडली होती म्हणूनच तो नोव्हेंबर २००५ मध्ये बोर्डासाठी उभा राहू शकला. त्या निवडणुकीत जागेवर असलेले आठच्या आठ उमेदवार पडले. रेमच्या जागेबाबत एका मतदान यंत्रावर वाद निघाला, त्या एका केंद्रावर पुन्हा मतदान झालं, आणि जागा त्याच्याकडेच राहिली. फेरमतदान म्हणजे काय कटकट असते हे मी अनुभवलेलं असल्याने तिथल्या केंद्राध्यक्षाची मला दया आली. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने २० डिसेंबरला बोर्डाचा ठराव घटनाबाह्य ठरवला, पण लोकांनी आपला निकाल सहा आठवडे आधीच दिला होता. बोर्डाने घाण केली आणि बोर्डाच्याच निवडणुकीने ती काढली, हे तिथे शक्य झालं.

आपल्या घटनेने शिक्षकांचा वेगळा विचार केलाच नाही असं नाही. कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या एक द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडायच्या. आपल्या ७८ जणांच्या परिषदेत अशा सात आहेत. पण मत कुणाला? माध्यमिक शाळेच्या खालच्या नसलेल्या संस्थांत शिकवणाऱ्यांना. पहिलीच्या पोराला ‘अ’ गिरवायला लावणारी बाई या कायद्यापुरती शिक्षक नाही. ३४ वर्षांत मी शिक्षक मतदारसंघाच्या मतदानाचं काम केलं आहे, त्यात मत दिलेलं नाही. आणि गंमत अशी की उमेदवार शिक्षक असावा अशी अट घटनेत नाही. पदवीधर मतदारसंघाबाबत हाच प्रश्न मद्रासकडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९७२ साली न्यायालयाने सांगितलं की उमेदवार पदवीधर असण्याची सक्ती नाही, मतदार पदवीधर असले म्हणजे झालं. तेव्हा शिक्षक मतदारसंघात संस्थाचालक उभे राहतात आणि शिक्षक त्यांना मत देतात, यात बेकायदा काहीच नाही.

शहरांतली शिक्षण मंडळं १९४७ च्या कायद्याच्या आधारावर पुष्कळ वर्षं तग धरून होती. पुण्याच्या मंडळात सभासद निवडायचे नगरसेवक, तेही पक्षांच्या संख्याबळानुसार. गणवेश, बूट, सहली यांच्या खरेदीवरून मंडळं सारखी वर्तमानपत्रात यायची. २०१३ मध्ये राज्याने तो कायदाच रद्द केला आणि मुदती संपतील तशी मंडळं महापालिकांत विरून गेली. फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांच्याही मुदती संपल्या आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले, तेव्हा मात्र लक्षात आलं की शाळेबद्दल ज्याच्या दारात जाऊन विचारावं असा निवडून आलेला एकही माणूस आता गावापासून मंत्रालयापर्यंतच्या वाटेवर भेटत नाही.

उरली ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यातून आलेली ही समिती म्हणजे स्कूल बोर्डाचं अगदी छोटं रूप आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांपैकीच, मुख्याध्यापक सचिव. उरलेल्या थोड्या जागांत ग्रामपंचायतीचा एक, शिक्षकांचा एक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. गावात शिक्षणतज्ज्ञ कुठून आणायचा? तर निवृत्त गुरुजी असतातच. कागदावर समितीकडे शाळेचा विकास आराखडा आहे, पोषण आहारावर देखरेख आहे. ना नेमणूक तिच्या हाती, ना बदली, ना शाळा चालू ठेवायची की नाही हा निर्णय. बहुतेक ठिकाणी सभेचं इतिवृत्त मुख्याध्यापक आधीच लिहून ठेवतात आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. मीही मुख्याध्यापक होते, ही रीत मला चांगली ठाऊक आहे.

निवडणूक हरलेले ते गुरुजी त्यांच्या वाडीच्या शाळेच्या समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून गेले. पालकांनी हात वर करून निवडलं, विरोधात कुणी नव्हतं. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची मुलं एकत्र करून समूह शाळा काढायच्या, अशी चर्चा सरकारी पत्रांतून सुरू झाली. या वाडीचा पट तेव्हा ११. मधे ओढा आहे आणि पावसाळ्यात त्यावरून पाणी जातं. गुरुजींनी सभा खरोखरची भरवली. आठ पालक आले, त्यातल्या पाच बाया शेतातून तशाच आल्या होत्या. शाळा इथेच राहावी असा ठराव झाला. एका बाईने सुचवलं म्हणून ओढ्याला पूर कोणकोणत्या महिन्यांत येतो तेही त्यात लिहिलं गेलं. अध्यक्ष बाईंनी सावकाश अक्षरं जुळवत सही केली. ती सही त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वी गुरुजींनीच त्याच वर्गात शिकवली होती. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली, पोच घेतली. शाळा सध्या चालू आहे, एका शिक्षकावर. दुसरी जागा रिकामीच आहे आणि ठरावाला लेखी उत्तर अजून आलेलं नाही.